लेझरची अक्षरं आणि हिरवी घासणी

आमचे अब्बा शाळामास्तर. सकाळचा चहा ते स्वतः करायचे. अम्मी फजरनंतर पुन्हा थोडी लवंडायची, आणि ती उठायच्या आत अब्बा शाळेला निघालेले असायचे. ओट्यावर बशीनं झाकलेला कप, आणि बशीखाली चिठ्ठी : "चहा गार होतोय." रोज तीच तीन शब्दांची चिठ्ठी.

अब्बा गेल्यावर त्यांच्या एका पुस्तकात अशीच एक चिठ्ठी सापडली. भावानं तिचा फोटो काढला, बाजारातल्या लेझरवाल्याकडे नेला आणि स्टीलच्या टंबलरवर तीच अक्षरं, त्याच तिरक्या वळणात, उतरवून आणली. त्या दिवसापासून अम्मीनं दुसऱ्या कशातून चहा घेतला नाही.

यंदा रमजानच्या आधी घरातली सगळी भांडी खाली काढली. टंबलरवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग धरले होते. भाभीनं त्याला चिंच फासून रात्रभर ठेवलं, आणि सकाळी पावडर टाकून हिरव्या घासणीनं मन लावून घासलं. पेला आरशासारखा निघाला. 'चहा' तेवढा शिल्लक होता. 'गार होतोय' उजेडाकडे धरल्याशिवाय दिसेना. अम्मी तिला एका शब्दानं बोलली नाही, त्यामुळे भाभी जास्तच रडली.

भाभीनं वेगळं काहीच केलं नव्हतं. आपण सगळ्या जणी असंच घासत आलोय. भांड्यांच्या दुकानात खरेदी झाली की दुकानदार छोट्या यंत्राच्या टोकानं टकटक करत नाव घालून द्यायचा. ते नाव म्हणजे धातूत पडलेले खड्डे. शीरखुर्म्याचा डबा मोहल्लाभर फिरून त्या नावावरच घरी परत येतो. माझ्या दादीच्या पातेल्यावरचं नाव राख, काथ्या, चिंच सगळं पचवून अजून वाचता येतं. लेझरचं नाव दरवेळी त्या जातीचं नसतं, हे मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी तो टंबलर घेऊन लेझरवाल्याकडे गेले. त्यानं तीन पेले समोर ठेवले आणि म्हणाला, "आपा, अक्षरांवरून नख फिरवून बघा."

पहिला पेला निळ्या रंगाचा, त्यावर चंदेरी अक्षरं. नख किंचित अडलं. इथं लेझरनं रंगाचा थर जाळून काढलेला असतो आणि खालचं स्टील उघडं पडलेलं असतं. ही अक्षरं सहसा पुसली जात नाहीत, पण घासणीनं भोवतीचा रंग खरवडला की त्यांच्या कडा फाटतात. दुसऱ्यावर नख चांगलंच अडकलं. ते खरं खोदकाम, दादीच्या पातेल्याचं भावंड. तिसरा आमच्यासारखा : साधं चमकदार स्टील, काळपट अक्षरं, आणि नख सरळ सटकून गेलं. खोली नाहीच. तिथं लेझरनं धातू काढलेला नसतो, नुसता तापवलेला असतो. तापल्यावर वर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो आणि तोच आपल्याला काळा दिसतो. वरून रंग लावलेला नाही, शाई नाही. खरखरीत काहीही घासा, तो थर झिजणार. आंबट रात्रभर ठेवा, तो फिका पडणार. भाभीनं दोन्ही केलं होतं.

यामागची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्यांसाठी लवकर न झिजणारं पोलाद शोधत होते, आणि हाती लागलं न गंजणारं पोलाद. करामत क्रोमियमची. हवा लागताच क्रोमियम पृष्ठभागावर एक अदृश्य कवच धरतं. ओरखडा पडला तरी ते पुन्हा भरून येतं. चांगल्या पेल्यांना वापरतात त्या ३०४ जातीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. लेझरच्या उष्णतेनं नेमकं अक्षरांच्या जागी हे कवच कमजोर होऊ शकतं. म्हणून कधी कधी सगळा पेला लखलखीत आणि नावावरच तांबूस ठिपके, असं दिसतं. दुकानदारानं फसवलं असं वाटतं; दरवेळी तसं नसतं.

अशा जागेचा मोठा वैरी मीठ. इफ्तारचं लिंबू-मीठ घातलेलं सरबत किंवा खारं ताक पेल्यात रात्रभर राहू देऊ नका, आणि उष्ट्या भांड्यांच्या पाण्यात असे पेले बुडवून ठेवू नका. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनवालं द्रावण तर मुळीच नको, त्यानं स्टीलला बारीक खड्डे पडतात. आणि ब्लीच नि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो, पेल्याचं राहू द्या, जिवावर बेतेल.

मग घासायचं कशानं? रोजच्याला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ स्पंज, आणि लगेच कोरड्या सुती फडक्यानं पुसणं. यातलं पुसणंच आपण टाळतो. पांढरे डाग घाणीचे नसतात. पाणी वाळून जातं, त्यातले क्षार मागे राहतात. पुसलं की डागच धरत नाहीत. धरलेच, तर एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी करून फडकं ओलं करा, डागावर हलकेच फिरवा, धुवा, पुसा. काळ्या गुळगुळीत अक्षरांना मात्र वळसा घालून.

खोल अक्षरांत मळ साचतो. तिथं जुना मऊ दातांचा ब्रश आणि खाण्याच्या सोड्याचा ओला लेप चालतो. रंगीत पेला नवा असताना अक्षरांच्या कडेला काजळीसारखं काही हाताला लागतं. ती जळलेल्या रंगाची भुकटी. पहिल्यांदा वापरण्याआधी ती साबणपाण्यानं आणि मऊ ब्रशनं नीट काढून टाका.

आतून चहाचा तपकिरी थर बसला असेल तर गरम पाण्यात चमचाभर सोडा घालून तासभर ठेवा आणि बाटलीच्या ब्रशनं फिरवा. या वेळी झाकण लावू नका, आणि सोड्यात व्हिनेगर तर अजिबात ओतू नका. दोघांचा वायू बंद भांड्यात दाब धरतो. झाकणातली रबरी कडी काढून वेगळी धुवायची. दूध-चहाचा वास तिथंच राहतो, पेल्यात नाही. दुहेरी भिंतीचा टंबलर गॅसवर ठेवायचा नाही, उकळायचाही नाही. दोन भिंतींमधली हवा काढलेली असते. तिथला जोड गेला की पेला दिसायला तसाच राहतो, चहा मात्र पाच मिनिटांत गार.

चकाकीचंही सांगते. रंगीत पेल्याला पॉलिश लागतच नाही. साध्या स्टीलवर बारीक रेघा दिसत असतील तर त्या रेघांच्या दिशेनंच पुसा; गोल गोल घासलं की ओरखडे उठून दिसतात. धातूचं पॉलिश ओठ लागतात त्या कडेला आणि आतून लावायचं नाही. लेझरवाल्याच्या मते घरातल्या पेल्याला कोरडं मऊ फडकं पुरतं, आणि त्याचं ऐकल्यापासून आमचं पॉलिशच्या बाटलीवाचून काही अडलेलं नाही.

निघताना त्यानं आणखी एक सांगितलं, ते भेट करून घेणाऱ्यांसाठी. अक्षर टिकायला हवं असेल तर ऑर्डर देतानाच खोल खोदायला सांगा, आणि पेला देताना तो कसा घासायचा हेही घेणाऱ्याला सांगा. त्यावर पवित्र शब्द घालून घ्यावेत असं काहींना वाटतं. पण पेला शेवटी उष्ट्या भांड्यांत, मोरीवर जाणार. आमच्या घरी आम्ही फक्त नावं घालतो.

पुसलेल्या अक्षरांवर तंतोतंत पुन्हा लेझर मारणं अवघड, असं तो म्हणाला. चिठ्ठीचा फोटो भावाच्या फोनमध्ये होताच. नव्या टंबलरवर तेच तीन शब्द खोल खोदून आणले. अम्मीनं तो भाभीला दिला. जुना तिनं स्वतःकडेच ठेवलाय. तो ती स्वतःच विसळते, आणि डाग पडले तर पडू देते.