आमदार नेमका कशासाठी? : हरिभाऊ बागडे यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने



आजच्या विषयात नाव एका माणसाचं आहे, पण प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे. आमदार कशासाठी निवडून द्यायचा? गावचा रस्ता, जळलेली डीपी, दवाखान्यासाठी चिठ्ठी यासाठी, की मुंबईत कायदे करण्यासाठी? मी तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्द आधी तपासायची सवय आहे. ‘प्रतिनिधी’ म्हणजे तुमचा निरोप पोचवणारा, की तुमच्या वतीने विचार करणारा?

हा वाद जुना आहे. एडमंड बर्क हा परंपरावादी विचाराचा मूळपुरुष मानला जातो. १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांपुढे त्याने सांगितलं की प्रतिनिधीने तुमच्यासाठी कष्ट तर घ्यावेतच, पण स्वतःची विवेकबुद्धी तुमच्याकडे गहाण टाकू नये. पुढे आयर्लंडच्या व्यापाराच्या आणि कॅथलिकांच्या प्रश्नावर त्याने मतदारांना न रुचणारी भूमिका घेतली. १७८० साली पराभव दिसू लागला, तेव्हा त्याने ब्रिस्टलमधून माघार घेतली. विवेकाची किंमत मोजावी लागते, ती अशी.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. हरिभाऊ बागडे, म्हणजे आपले नाना. जन्म १९४५ चा. संघाच्या मुशीतून आलेला, उजव्या विचाराचा कार्यकर्ता. १९८५ साली औरंगाबाद पूर्वमधून पहिल्यांदा आमदार झाले आणि पुढच्या तीनही निवडणुका जिंकले. १९९५ च्या युती सरकारात मंत्री झाले. मग २००४ आणि २००९, असे लागोपाठ दोन पराभव. २०१४ ला फुलंब्रीतून परत आले, २०१९ ला पुन्हा आले. पाच वर्षं विधानसभेचे अध्यक्ष, आणि २०२४ मध्ये राजस्थानचे राज्यपाल.

माझ्या मते यातली विचार करण्यासारखी वर्षं म्हणजे मधली दहा. पद नसताना माणूस काय करतो? बागडे सहकारात, जिल्हा दूध संघात काम करत राहिले. दूध संघ म्हणजे काय हे गंगापूरच्या माणसाला मी सांगायला नको. सकाळ-संध्याकाळ कॅन जातो, फॅट लागते, ठरलेल्या दिवशी पगार होतो. पाऊस दगा देतो तेव्हा घर त्याच पैशावर चालतं. तिथे भाषणाने भागत नाही, हिशेब लागतो. पडलेला माणूस पुन्हा उभा राहतो तो अशा नात्यांच्या जोरावर. सेवेचा हा अर्थ खरा आहे, त्याला कमी लेखू नका.

पण तो पुरेसा आहे का? गणित मांडू. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटींचा निधी मिळतो. मतदारसंघात तीन लाखांहून अधिक मतदार. म्हणजे डोईला वर्षाचे १६७ रुपयेसुद्धा पडत नाहीत! एवढ्यात किती सभामंडप होणार?

उलट बाजू बघा. आपल्या तालुक्यात कायगावपर्यंत नाथसागराचा फुगवटा येतो. जायकवाडीत पाणी आलं तर आपली शेती, आपले नळ. २००५ साली विधिमंडळाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व त्यात आलं. त्याच्याच आधारे, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याची पद्धत ठरली. तो कायदा नसता तर मराठवाड्याने कोर्टात काय दाखवलं असतं? एका कलमाने जे मिळालं, ते शंभर सभामंडपांनी मिळणार नाही. आणि या कायद्याच्या वेळी आमचा आमदार काय बोलला, हे आपण कधी विचारलं का हो?

विचारायचं तर नोंद हवी. १२ नोव्हेंबर २०१४ चा दिवस घ्या. बागडे त्याच दिवशी अध्यक्ष झाले, बिनविरोध. भाजपच्या जागा १२२, बहुमताला हवेत १४५. फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं. काँग्रेस आणि शिवसेनेने मतविभागणी मागितली होती, त्यावरून मोठा गदारोळ झाला. आवाजी मतदान नियमात बसतं. माझा मुद्दा पक्षाचा नाही, मतदाराचा आहे. मतविभागणीत प्रत्येक आमदाराचं मत नावानिशी नोंदलं जातं. आवाजात कुणाचा ‘हो’ होता हे कळत नाही. सरकार टिकावं की पडावं, एवढ्या मोठ्या प्रश्नावर आपल्या प्रतिनिधीने काय केलं, ते कागदावर असायलाच हवं होतं, असं मला वाटतं.

याच विचारधारेत याचं उत्तर देऊन गेलेला माणूस आहे. रामभाऊ म्हाळगी. १९५७ साली जनसंघातर्फे मावळमधून निवडून आले. आपण वर्षभरात काय केलं याचा लेखी अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. कुठल्या कायद्याने तशी सक्ती नव्हती. बर्कचा विवेक आणि ब्रिस्टलकरांचा हक्क, या दोहोंना जोडणारा पूल म्हणजे असा अहवाल. विवेकाने वागा, पण आम्हाला सांगा.

म्हणून एवढंच करा. आमदार, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, गावात आले की रस्त्याचं निवेदन जरूर द्या. त्याच कागदावर खाली दोन ओळी लिहा : या अधिवेशनात आपण कोणते प्रश्न मांडलेत, आणि कोणत्या विधेयकावर काय बोललात? पहिल्या वेळी उत्तर येणार नाही. दहा गावांनी विचारलं, की येईल.