अद्भुताकडे पाहणारी दृष्टि

मोरोपंतांच्या बारामतींत काय किंवा भीमेकांठच्या इंदापूर तालुक्यांत काय, अनेक घरांतून नवनाथांच्या पोथीचें वाचन पिढ्यान्‌पिढ्या होत आलें आहे. त्या कथेंतील स्त्रीराज्य प्रभात कंपनीनें १९३२ सालीं 'माया मच्छिंद्र' या बोलपटांत पडद्यावर आणिलें. दिग्दर्शक शांतारामबापू, मच्छिंद्रनाथ गोविंदराव टेंबे आणि राणी दुर्गाबाई खोटे.

पुरुषांवर हुकूम चालविणाऱ्या स्त्रिया आणि राणीजवळचा चित्ता पाहून प्रेक्षक थक्क होतो. राणीला मात्र त्यांत कांहींच नवल नाहीं. स्त्रीची आज्ञा चालते अशाच राज्याची तिला संवय. तिला विचित्र वाटावा तो संसार सोडून भटकणारा गोरख. तात्पर्य, अद्भुतता ही वस्तूंत नसून पाहणाऱ्याच्या संस्कारांत असते.

खुद्द दुर्गाबाईंचेंही तसेंच. १९०५ सालीं मुंबईच्या सुशिक्षित घरांत त्यांचा जन्म झाला. महाविद्यालयीन शिक्षणही लाभलें. कुलीन स्त्रीनें चित्रपटांत जाणें निंद्य मानीत, त्या काळीं त्या तेथें गेल्या, टीका सोसली आणि स्वतःचें स्थान मिळविलें. शिक्षित मनास परकें जग भयावह वाटेनासें होतें.

आपल्या लेकीसुनांसही उद्यां परक्या जगांत वावरावयाचें आहे. नुसतें भय शिकविलें, तर त्यांस जेथें तेथें राक्षसच दिसतील. म्हणून पोथी मिटल्यावर 'गोरखानें काय केलें?' एवढेंच मुलीस न विचारतां, 'राणीस काय वाटलें असेल?' हेंही वडीलधाऱ्यांनीं अवश्य विचारावें.