दृष्टी कमी झाली, पुढे काय? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

काचबिंदूने किंवा मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा खराब झालेला माणूस ओपीडीतून बाहेर पडतो, तेव्हा हातात थेंबांची चिठ्ठी असते आणि कानात एक वाक्य घुमत असतं: "आता यापुढे काही करता येणार नाही." डॉक्टर खरं तेच सांगत असतात, पण ते डोळ्याबद्दल असतं. घरचे ते माणसाबद्दल ऐकतात. मग आजोबांनी एकट्याने खाली उतरायचं नाही, आईने गॅसजवळ फिरकायचं नाही, पासबुक मुलाकडे. सगळं मायेपोटीच होतं, पण त्यापायी माणूस खुर्चीत बसून राहतो आणि मदत आहे हे कळायलाच वर्षं जातात.

"अजून थोडं दिसतंय, पूर्ण गेलं की बघू."

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीही स्वतंत्रपणे धरलेली आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 6/18 ते 3/60च्या दरम्यान असेल, तर ती अल्पदृष्टी. 3/60 म्हणजे निरोगी डोळ्याला 60 मीटरवरून दिसणारं अक्षर या माणसाला 3 मीटरवर आल्यावर दिसतं. नजरेचा घेर 40 अंशांहून कमी झाला, तरी तो माणूस या व्याख्येत बसतो.

हा घेराचा मुद्दा घराघरांत भांडणं लावतो. काचबिंदू बळावलेला माणूस पेपरातला बारीक मजकूर वाचतो आणि उठून दाराच्या चौकटीला धडकतो. "वाचता येतं, मग दार दिसत नाही?" असं त्याला ऐकवलं जातं. पडद्याचा मधला भाग बिघडलेल्याचं उलट असतं. तो घरभर मोकळा वावरतो, पण समोरचा चेहरा ओळखत नाही, आणि शेजारी म्हणतात, हल्ली ओळख दाखवत नाहीत. दोघंही सोंग करत नसतात.

मोठ्या नेत्र रुग्णालयांत लो व्हिजन क्लिनिक असतं. तिथे भिंग, दूरचं पाहायची छोटी दुर्बीण, योग्य दिवा असं एकेक करून पाहतात आणि वापरायला शिकवतात. तिकडची चिठ्ठी डॉक्टरांकडे मागून घ्यावी, ते आपणहून देतीलच असं नाही. घरातही बरंच करता येतं. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, गडद ताटात दिसतो. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावली की पाय अंदाजाने टाकावा लागत नाही. वाचायचा दिवा खांद्यामागून कागदावर पडेल असा ठेवायचा, डोळ्यांसमोर नाही.

नजर कमी झालेल्यांपैकी काहींना नसलेल्या गोष्टी दिसतात: नक्षी, माणसं, झाडं. भीतीने ते कुणाला सांगत नाहीत आणि सांगितलंच, तर घरचे बाहेरची बाधा म्हणतात किंवा डोकं फिरलं म्हणतात. स्विस निसर्गअभ्यासक शार्ल बोने यांनी 1760 मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे नोंदवून ठेवलं आहे, आणि त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. डोळ्यांकडून येणारी माहिती घटली की मेंदू स्वतः चित्रं तयार करतो. तो वेडेपणा नाही. डॉक्टरांना मात्र जरूर सांगावं.

"एक डोळा गेला, म्हणजे सर्टिफिकेट मिळणारच."

प्रमाणपत्रासाठी दोन्ही डोळे मिळून, चष्म्यासह तपासतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असेल, तर दिव्यांगत्व 30 टक्के धरलं जातं, आणि बहुतेक सवलतींची अट 40 टक्के आहे. अर्ज यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, पोर्टलवर करायचा, तपासणी सिव्हिल हॉस्पिटलात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात होते. घेर कमी झाला असेल तर फील्ड टेस्टचा रिपोर्ट बरोबर न्यावा, नाहीतर नुसता तक्ता वाचायला लावून माणूस परत पाठवला जाण्याची भीती असते. कार्ड मिळालं म्हणजे सगळंच मिळालं असंही नाही. रेल्वेची सवलत, उदाहरणार्थ, फक्त पूर्ण अंधांना आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेला दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखून ठेवावा लागतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं.

"या वयात ब्रेल कुठे शिकणार?"

शिकलं तर उत्तमच. पण साठीत नजर गेलेल्याला पहिला आधार खिशातल्या फोनचा असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक सुरू होतो. बोट ठेवलं की नाव वाचून दाखवतो, दोनदा टकटक केली की उघडतो. पहिले काही दिवस वैताग येतो, कारण फोन सतत बडबडतो. शेजारी कुणी शांतपणे बसायला हवं. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप 2020 पासून आहे. ते नोट किती रुपयांची आहे हे बोलून सांगतं, आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी 2016 मध्ये सुरू झाली. 1952 साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं बोलक्या पुस्तकांचं केंद्र आहे. मुंबईच्याच झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिबाधितांचं रिसोर्स सेंटर आणि पुण्याची पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन इथेही चौकशी करावी.

पांढरी काठी घ्यायला लोक लाजतात, आणि घेतली तरी शिकत नाहीत. उजवं पाऊल पुढे पडताना काठीचं टोक डावीकडे टेकतं, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासलेली असते. यासाठी मोबिलिटी शिकवणारे प्रशिक्षक असतात.

"अंधांना बँक चेकबुक देत नाही."

देणं बंधनकारक आहे. चेकबुक, एटीएम, लॉकर, नेटबँकिंग हे सगळं दृष्टिबाधितांना भेदभाव न करता द्यावं, असं रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच सांगितलं आहे. "साक्षीदार आणा, जॉइंट खातं काढा" असं काउंटरवर कुणी म्हणालं, तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी उत्तर मागावं. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून करायच्या केवायसीला पर्याय द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये दिला आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये, नुसत्या दृष्टीच्या कारणावरून कुणाला न्यायाधीशपदासाठी नाकारता येणार नाही, असंही त्याच न्यायालयाने सांगितलं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील पूर्ण अंध असून आयएएस झाल्या, हे त्याआधीचं.

आणखी एक, बरोबर जाणाऱ्यांसाठी. दंड पकडून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा. ते धरून तो माणूस अर्धं पाऊल मागून चालेल. खिडकीपाशी कारकुनाने "यांचं नाव काय?" असं तुम्हाला विचारलं, तर उत्तर त्यांना देऊ द्या. सहीही त्यांचीच असू द्या, भलेही ती रेघेच्या थोडी वर-खाली जाईल.