दोनशे खांब आणि एक नदी

मयताच्या घरी भेटायला गेलो की आपण विचारतो, "माती कुठे झाली?" जिथे आपले माणूस मातीला मिळाले, ती जागा घरच्यांच्या मनातून कधी जात नाही. पण ज्यांना ठार मारले आणि ज्यांची माती कुठे झाली हे कुणी लिहूनही ठेवले नाही, त्यांचे काय? ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांपुढे १९८७ साली हाच प्रश्न होता. त्यांनी त्याचे उत्तर एका प्रदर्शनातून दिले. ते प्रदर्शन कसे उभे राहिले, ते आज पाहू.

तारीख एकच, अर्थ वेगळा

२६ जानेवारी ही तारीख आपण संविधान अमलात आल्याचा दिवस म्हणून मानतो. ऑस्ट्रेलियातही तो सणाचा दिवस आहे. १७८८ साली याच दिवशी इंग्रजांनी सिडनीच्या किनाऱ्यावर आपला झेंडा रोवला. त्या भूमीवर हजारो वर्षे माणसे राहत होती. तरीही ही जमीन कुणाच्याच मालकीची नाही असे धरून ती बळकावण्यात आली. पुढच्या काळात गोळ्यांनी आणि रोगराईने असंख्य मूळ रहिवासी मेले. जे उरले, त्यांना आपल्याच देशात हुसकावून लावले गेले.

१९८८ साली या घटनेला दोनशे वर्षे होणार होती. सरकारने मोठ्या उत्सवाची तयारी चालवली होती. मूळ रहिवाशांनी ठरवले की हा उत्सव आपला नाही. त्या दिवशी सिडनीत हजारोंचा निषेध मोर्चा निघाला. चित्रकारांनी मात्र आणखी एक वाट शोधली.

वाळवीने पोखरलेली झाडे

देशाच्या उत्तरेला आर्नहेम लँड या प्रदेशात रामिंगिनिंग नावाची वस्ती आहे. जॉन मंडाइन हे तिथे कला सल्लागार म्हणून काम करत होते. ते स्वतः मूळ रहिवासी समाजातलेच, पण दुसऱ्या भागातले. त्यांनी तिथल्या कलावंतांपुढे एक कल्पना मांडली. दोनशे वर्षांत जे मारले गेले, ज्यांचे अंत्यविधी झाले नाहीत, त्या सर्वांचा विधी आता आपण करू. वर्षाला एक याप्रमाणे दोनशे खांब उभे करू.

हे खांब म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. त्या भागात मृत माणसाच्या अस्थी काही काळाने गोळा करून, गेरू लावून, पोकळ खोडात ठेवण्याची जुनी रीत होती. वाळवीने आतून पोखरलेले झाड शोधायचे, ते तोडून साफ करायचे आणि त्यावर मृताच्या कुळाची चित्रे रंगवायची. मग विधीपूर्वक ते उघड्यावर उभे करायचे. ऊन-पावसात ते हळूहळू झिजते आणि मातीला मिळते.

या दोनशे खांबांत अस्थी नाहीत, कारण त्या मिळणार तरी कुठून? स्त्री-पुरुष मिळून ४३ कलावंतांनी ते रंगवले. रंगही जमिनीतलेच, तांबडा गेरू, पिवळी आणि पांढरी माती. काळ्यासाठी कोळसा. माणसाच्या थोड्या केसांच्या कुंचल्याने बारीक आडव्या-तिरप्या रेषा ओढायच्या, हे फार चिकाटीचे काम आहे. पैसा कमी पडू लागला, तेव्हा कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनाने काम पुरे करण्यासाठी मदत केली.

मांडणी हाच दावा

१९८८ साली सिडनीच्या आंतरराष्ट्रीय कलामेळ्यात हे खांब प्रथम मांडले गेले. नंतर ते कॅनबेराच्या कलादालनात कायमचे आले. या प्रदर्शनाचे मर्म त्याच्या मांडणीत आहे. खांबांमधून एक वळणावळणाची वाट जाते. ही वाट म्हणजे त्यांच्या मुलखातली ग्लाइड नदी. ज्या कुळाची जमीन नदीच्या ज्या वळणावर, त्या कुळाचे खांब वाटेच्या त्याच वळणावर. पाहणारा चालत जातो, तेव्हा एका मुलखातून आणि त्याच्या मालकांमधून चालत असतो.

आपल्याकडे जमीन कुणाची हे सातबारा सांगतो. त्या लोकांत ते चित्र सांगते. ज्या कुळाची जमीन, त्याच कुळाला तिची चित्रे काढण्याचा हक्क. म्हणून जमीन कुणाचीच नव्हती म्हणणाऱ्यांना हे दोनशे खांब म्हणजे सरळ उत्तर होते.

या ४३ जणांत डेव्हिड मलांगी हे एक होते. त्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. १९६६ साली ऑस्ट्रेलियाने एक डॉलरची नवी नोट काढली. तिच्यावर मलांगी यांचे चित्र छापले गेले, पण त्यांना कुणी विचारलेसुद्धा नाही! ते चित्र त्यांच्या पूर्वजाच्या अंत्यविधीचे होते. बोभाटा झाल्यावर त्यांना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे सामान देण्यात आले. ज्याचे चित्र देशाच्या खिशाखिशांत फिरले, तो चित्रकार कुणाला माहीत नव्हता. बावीस वर्षांनी तोच माणूस आपले खांब स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या मुलखाच्या जागी उभे करत होता.

पुढे काय झाले

३ जून १९९२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात निकाल दिला, की ही भूमी कुणाचीच नव्हती हे म्हणणे खोटे आहे. तो लढा वेगळ्या बेटावरच्या लोकांनी न्यायालयात लढला होता. पण जे सत्य न्यायालयाने १९९२ मध्ये मान्य केले, ते खांबांनी चार वर्षे आधी सांगून ठेवले होते. पुढे हे खांब युरोपातही गेले आणि रशियाच्या प्रसिद्ध हर्मिटाज संग्रहालयात मांडले गेले.

सारे प्रश्न मात्र सुटलेले नाहीत. मूळ रहिवाशांना राज्यघटनेत स्थान आणि सल्ल्याचा अधिकार द्यावा का, यावर २०२३ मध्ये सार्वमत झाले. सुमारे साठ टक्के मते विरोधात पडली. खांब मात्र आपल्या जागी उभे आहेत.

वाचकहो, यात मोठ्या भांडवलाची गोष्ट नव्हती. वाळवीने खाल्लेले लाकूड, पायाखालची माती आणि आपली जागा कोणती याचे पक्के भान, एवढ्यावर हे काम उभे राहिले. आपल्या घरातही आजी-आजोबा असतील. मुलांना त्यांच्याजवळ बसवा. आपले गाव कोणते, ओढा कुठून वाहत होता, कुणाच्या शेतात राबलो, थोरल्यांची माती कुठे झाली, हे विचारू द्या आणि कागदावर काढू द्या. सांगणारी माणसे आहेत, तोवरच हे होणार आहे.