दुसरी किल्ली किनाऱ्यावर

बँकेची तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. एक किल्ली एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. यात कुणावर अविश्वास नसतो. माणूस कितीही सचोटीचा असला तरी त्याला घाई होते, विसर पडतो, कधी मोहही होतो. म्हणून दुसरी किल्ली. नोकरीची सगळी वर्षं मी हा नियम पाळला. होडी घेऊन समुद्रावर जाणाऱ्यांनाही तो तसाच लागू आहे, असं आता वाटतं.

निमित्त झालं पुतणीच्या बेताचं. ती आणि तिचे पुण्यातले सहा मित्रमैत्रिणी हिवाळ्यात मालवणजवळ तीन दिवस कयाकमधून हिंडणार आणि रात्री किनाऱ्यावर तंबू ठोकून राहणार. कयाक म्हणजे एका-दोघांची निमुळती, हलकी होडी. दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं ती चालते. ‘काका, तुम्ही फक्त खर्चाचा हिशेब बघा,’ म्हणून तिनं कागद पुढे केला. हिशेब चोख होता. मार्गही सुंदर होता. पहिल्या दिवशी देवबागला कर्ली नदीच्या खाडीत सराव, दुसऱ्या दिवशी खाडीचं मुख ओलांडून भोगवे, तिसऱ्या दिवशी निवती. भोगव्याचा मुक्काम पौर्णिमेचा. चांदणं हवं ना!

पण पूर्ण चांदणं आणि उधाण बरोबरच येतात. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास भरती सर्वांत मोठी आणि ओहोटीही तितकीच खोल. खाडीच्या मुखाशी याचा अर्थ फार वेगळा होतो. ओहोटीला आतलं पाणी जोरानं बाहेर धावतं, समोरून समुद्राच्या लाटा येतात, आणि दोघांची झुंज नेमकी मुखाशी होते. नवशिक्याची कयाक उलटायला तेवढं पुरतं.

आपल्याकडे जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईकडचा. मालवणकडे भरती थोडी आधी येते. नक्की वेळेसाठी सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेतच. मी शुद्ध द्वादशी सुचवली. भरती सकाळी आठ-नवाच्या आत पूर्ण होईल, पाणी क्षणभर थबकेल, तेवढ्यात मुख ओलांडायचं. उधाणाला अजून दोन-तीन दिवस असतील आणि चंद्रही जवळजवळ पूर्ण असेल. मंडळी तयार झाली.

मुक्कामाचंही ठरलं. तंबू ओल्या वाळूच्या नव्हे, भरतीनं आणून टाकलेल्या काटक्या-शेवाळाच्या रेषेच्या बराच वर. जागामालकाला आणि ग्रामपंचायतीला विचारून. प्रखर दिवे आणि शेकोटी नाही, कारण हिवाळ्यात कोकणच्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि दिव्यांनी त्यांची व पिल्लांची दिशाभूल होते. प्रत्येकाला दिवसाचं चार लिटर पाणी. लाइफ जॅकेट अंगात, होडीत नव्हे. आणि सगळ्यांचा वेग जो सर्वांत हळू वल्हवतो त्याचा.

एवढं झालं तरी मला कागदात एक रकाना दिसेना. तुम्ही परतला नाहीत, तर ते कळणार कुणाला? आणि किती वाजता?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो इंग्लंडातल्या एका घटनेमुळे. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथच्या एका शाळेतली आठ मुलं, त्यांचे शिक्षक आणि दोन प्रशिक्षक लाइम रेजिसहून कयाक घेऊन निघाले. जायचं होतं जवळच्या चारमथला, जेमतेम दोन मैल. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. असा वारा फसवा असतो. किनाऱ्याजवळ पाणी संथ दिसतं आणि होडी हळूहळू आत ओढली जाते. होड्या उलटल्या, मुलं थंड पाण्यात तरंगत राहिली. परतीची वेळ टळून गेल्यावर कितीतरी उशिरा तटरक्षकांना खबर गेली. चार मुलं दगावली. त्या केंद्रातल्या कामाच्या पद्धतीबद्दल आदल्याच वर्षी दोन प्रशिक्षकांनी लेखी इशारा दिला होता. १९९५ साली ब्रिटनमध्ये अशा केंद्रांसाठी परवान्याचा कायदा झाला. महाराष्ट्रातही २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आलं आणि संस्थांच्या नोंदणीची सोय झाली. होड्या कुणाकडून घ्यायच्या हे ठरवताना ती नोंदणी विचारावी.

हिवाळ्यात कोकणातही पहाटे मतलई वारा सुटतो, तो जमिनीकडूनच येतो. दुपारी उलटा, खारा वारा वाढतो. म्हणून सकाळी किनाऱ्याला धरून राहायचं आणि दुपारच्या आत टेकायचं. पण हे सगळं समुद्रावरच्या माणसांनी पाळायचं. पाळलं गेलं नाही तर?

म्हणून दुसरी किल्ली. किनाऱ्यावर एक माणूस हवा. त्याच्याजवळ एक कागद: नावं, होड्यांचे रंग, निघण्याची वेळ, मार्ग, पोहोचण्याची वेळ, आणि तिच्या खाली आणखी एक वेळ. ती उलटली की वाट बघायची नाही, तटरक्षक दलाला १५५४वर फोन करायचा. ‘मोबाइलला रेंज नसेल’, ‘येतीलच एवढ्यात’ असली समजूत त्यानं स्वतःची घालायची नाही. फोन केल्यावर दहा मिनिटांत मंडळी हसत आली, तर त्याचं हसं होईल. होऊ दे.

पुतणीला हे आवडलं नाही. ‘काका, आम्ही लहान आहोत का?’ असं तिनं विचारलं. ‘चाळिशीतल्या मॅनेजरलाही तिजोरी एकट्यानं उघडता येत नसे,’ मी म्हटलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सुधारलेला कागद पाठवला. त्यात एक नवी ओळ तिची स्वतःची होती: सातांपैकी कुणीही एकानं ‘आज नको’ म्हटलं तर त्या दिवशी कुणीच जायचं नाही, आणि कारण विचारायचं नाही.

मला वल्हवता येत नाही. देवबागला माझी खोली ठरली आहे. यादीत आता सातऐवजी आठ नावं आहेत, आणि आठव्या नावापुढे होडीचा रंग लिहिलेला नाही.