नदीच्या होडीत सात वर्षे

बेकारी माणसाला काय काय करायला लावते! कोणी गाव सोडतो, कोणी परमुलूख गाठतो. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतून कर्ते पुरुष जहाजांवर आणि आखाती देशांत गेले, ते रोजी-रोटीसाठीच. आज एका जर्मन तरुणाची हकीकत सांगायची आहे. तोही रोजगाराच्या शोधातच निघाला होता. फरक इतकाच, की तो जहाजाने नव्हे, तर घडी घालून पिशवीत भरता येणाऱ्या होडीतून निघाला.

त्याचे नाव ऑस्कर स्पेक. जन्म १९०७ चा, राहणारा हॅम्बुर्गचा, धंदा विजेच्या कामाचा. जागतिक मंदीत १९३१ साली त्याचा कारखाना बंद पडला. जर्मनीत तेव्हा लाखो लोक बेकार होते. सायप्रस बेटावरच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल, असे त्याला वाटले. तिकिटाला पैसे नव्हते, होडी मात्र होती. १९३२ च्या मे महिन्यात उल्म गावाजवळ त्याने ती डॅन्यूब नदीत लोटली.

या होडीला कयाक म्हणतात. मूळची ती उत्तर ध्रुवाकडच्या लोकांची. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवत आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवत. १९०५ साली आल्फ्रेड ह्यूरिख नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने तिची घडीची आवृत्ती तयार केली. आत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वरून रबर लावलेले कापड. पुढे रोझेनहाइम गावच्या योहान्स क्लेपर या शिंप्याने ती बनवण्याचे हक्क घेतले आणि तिचा धंदा उभा केला. सुट्टीच्या दिवशी लोक ती पिशवीत घालून आगगाडीने नदीकाठी जात, तिथे जोडत आणि संध्याकाळी पुन्हा घडी करून घरी परतत. म्हणजे ही होडी मुळात नदीवरच्या सहलीची, समुद्रासाठी बनवलेलीच नव्हती.

स्पेकची होडी साडेपाच मीटर लांब होती. दोघांसाठी बनवलेली, पण दुसऱ्याच्या जागी त्याने सामान भरले. एक छोटे शीड होते आणि पायाने फिरवायचे सुकाणू. विशेष म्हणजे त्याला पोहता येत नव्हते!

डॅन्यूबवरून तो बाल्कन प्रदेशात आला. तिथून खळाळत्या वार्दार नदीने ग्रीसचा समुद्र गाठला. मग किनाऱ्या-किनाऱ्याने तुर्कस्तान आणि सायप्रस. पण तिथे पोचेपर्यंत खाणीचा विचार मागे पडला होता. आता पुढेच जायचे, थेट ऑस्ट्रेलियापर्यंत, असे त्याने ठरवले.

सीरियात होडीची घडी करून तो बसने फुरात नदीकाठी गेला. करबलेची आठवण देणारी ही फुरात. तिच्या प्रवाहाबरोबर तो इराणच्या आखातात उतरला. तिथे मलेरियाने त्याला गाठले. खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने होडी जर्जर झाली होती. नवी होडी जर्मनीहून येईपर्यंत मुक्काम करावा लागला. त्यानंतर कराची, मुंबई, आपला पश्चिम किनारा आणि १९३५ साली सिलोन. आपल्या किनाऱ्यावरच्या लाटा कशा असतात, हे आपल्या कोळी आणि दालदी बांधवांना विचारावे. फुटत्या लाटांतून एवढीशी होडी काठाला लावणे म्हणजे ती मोडण्याचीच भीती. म्हणून कधी कधी तो सारी रात्र पाण्यावरच काढी. पैसे संपले की मोठ्या शहरात थांबायचे, व्याख्यान द्यायचे, वर्तमानपत्रात लिहायचे आणि पुन्हा वल्हे हाती घ्यायचे, असा त्याचा क्रम होता.

पुढे ब्रह्मदेश, मलाया, जावा. इंडोनेशियाच्या लाकोर बेटावर काही लोकांनी त्याला बांधून इतके मारले, की त्याच्या कानाचा पडदा फाटला. रात्री कशीबशी सुटका करून घेऊन तो होडीपर्यंत पोचला. त्यानंतर डच अधिकाऱ्यांनी जवळच्या वाटेने ऑस्ट्रेलियाला जाऊ दिले नाही. न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्याने लांबचा वळसा घालावा लागला.

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील साइबाई बेटावर पोचला. सात वर्षे आणि सुमारे ५० हजार किलोमीटर! पण त्याच महिन्यात महायुद्ध पेटले होते आणि होडीवर तर हिटलरच्या जर्मनीचा झेंडा होता. काठावर उभ्या पोलिसांनी आधी त्याचे अभिनंदन केले आणि मग शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक केली. तो निघाला तेव्हा हिटलर सत्तेवर आलेलाही नव्हता. वाटेत असताना मागे त्याचा देशच बदलून गेला, आणि त्याची किंमत त्याला नजरकैदेत चुकवावी लागली. छावणीतून एकदा तो पळाला, पकडला गेला. १९४६ मध्ये सुटल्यावर जर्मनीला परतला नाही. ऑस्ट्रेलियातच ओपल रत्नांच्या धंद्यात त्याने जम बसवला, समुद्राजवळ घर बांधले आणि वयाची ऐंशी ओलांडून तिथेच देह ठेवला.

त्याची कागदपत्रे, छायाचित्रे आणि त्याने वाटेत घेतलेल्या चित्रफिती आज सिडनीच्या ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. दिग्विजयी राजांच्या तलवारी संग्रहालयात असतातच. एका बेकार कारागिराची चिकाटीही तिथे ठेवावीशी वाटली, हे महत्त्वाचे.

आज कित्येक घरांत शिकलेली मुले कामाविना बसून आहेत. त्यांनी समुद्रात होडी लोटावी, असे कोण म्हणेल? पण स्पेकने जे हाती होते त्यावरच सुरुवात केली. सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. सब्र म्हणजे वल्हे न टाकणे. आणि हो, अनोळखी प्रवासी दारी आला, तर त्याच्या झेंड्याआधी त्याची तहान पाहावी. वाटसरूचा हक्क आपल्याला दीनने शिकवलाच आहे.