साप, मोबाईल आणि 108

खरीप हंगामात भातलावणी, निंदणी सुरू झाली की सर्पदंशाच्या घटना वाढतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील प्रमुख विषारी साप. धामण मात्र बिनविषारी. ती उंदीर फस्त करते, तरीही नाग समजून बिचारी मारली जाते. म्हणून साप दिसताच काठी न उचलता लांबूनच मोबाईलवर फोटो काढून माहितीतल्या सर्पमित्रास पाठवावा किंवा वनविभागास 1926 या क्रमांकावर कळवावे.

दंश झाल्यावर मात्र फोटोच्या नादी लागू नये. प्रतिसर्पविष लस या चारही सापांच्या विषावर चालते. रक्त गोठण्याची 20 मिनिटांची चाचणी व लक्षणे पाहून डॉक्टर उपचार ठरवितात. रुग्णास चालवू नये, आवळून दोरी बांधू नये, चिरा देऊ नयेत. 108 ला फोन करावा. गाडीस उशीर होणार असल्यास मिळेल त्या वाहनाने निघावे. 2019 साली सुरू झालेली ई-संजीवनी सेवा किरकोळ दुखण्याला उत्तम, येथे नव्हे.

मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. वेदना नाही, खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर साप दिसला नसला तरी रुग्णालय गाठावे.